ऊरूचे शारीर आणि ‘ऊरुभंगा’चे नाट्य

त्रिवेंद्रम येथून टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून जी तेरा नाटके भासाच्या नावाने प्रसिद्ध केली, त्यांत ‘ऊरुभंग’ हे आकाराने लहान, एकाच अंकाचे रूपक आहे. पुण्याच्या विद्वत्परंपरेस ते अपरिचित नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक म्हणून ख्याती पावलेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांनी तत्पूर्वी भासनाटकांवर लेखन केले होते, आणि सी. आर. देवधर यांनी १९३७ मध्ये ‘भासनाटकचक्र’ पुण्यातूनच संपादून प्रसिद्ध केले. कर्तृत्वाचा वाद त्या काळापासून चालत आलेला आहे. तो येथे बाजूस ठेवला असून केवळ रूढीस अनुसरून नाटककाराचा निर्देश भास या नावाने केला आहे.

या रूपकाविषयी आजवर जी चर्चा झाली ती बहुतांशी दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली. संस्कृतात शोकांतिका आहे की नाही, हा पहिला. आणि महाभारतातील दुराग्रही दुर्योधन येथे एकाएकी क्षमाशील कसा झाला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला पाश्चात्त्य नाट्यशास्त्राची कसोटी लावली जाते, दुसऱ्याला नीतिशास्त्राची. ज्या शास्त्राची कसोटी नाटकाच्या नावातच सुचविलेली आहे, त्या शारीरशास्त्राकडे मात्र समीक्षकांची दृष्टी क्वचितच वळलेली दिसते. नाटकाचे नाव एका दुखापतीचे नाव आहे. नायकाचे नाव, त्याचा वध, त्याचा पश्चात्ताप यांपैकी काहीही मथळ्यावर न घालता भासाने मोडलेला अवयव तेथे ठेवला, ही गोष्ट सहज सोडून देण्याजोगी नाही. तो अवयव काय आहे, तो काय काम करतो आणि मोडला म्हणजे माणसाचे नेमके काय जाते, हे पाहिल्यावाचून या नाटकातील संवादांचा क्रमही नीट उलगडत नाही.

ऊर्वस्थी हे मानवी शरीरातील सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट हाड होय. माणसाच्या उंचीचा सुमारे चवथा हिस्सा त्याने व्यापलेला असतो. वरच्या टोकास त्याचे गोल मस्तक श्रोणीच्या खोलगट वाटीत बसते. यालाच व्यवहारात खुबा म्हणतात. मस्तकाखाली मान, आणि तेथून कोनात वळून खाली उतरणारा, किंचित पुढे बाक असलेला दांडा. खालच्या टोकास तेच हाड रुंद होऊन नडगीच्या हाडावर टेकते, पुढून वाटीचे झाकण बसते, आणि गुडघ्याचा सांधा सिद्ध होतो. खुब्याचा सांधा खोल असल्याने स्थिर आहे. गुडघ्याच्या सांध्यास तशी खोली नाही. त्याचे स्थैर्य हाडांच्या घडणीपेक्षा बंधांवर, आत एकमेकांस छेदून जाणाऱ्या दोन बंधांवर आणि बाजूच्या दोन बंधांवर, तसेच चकतीसारख्या कूर्चांवर अवलंबून असते. येथे परिभाषेविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. सुश्रुत ज्याला स्नायू म्हणतो तो आजच्या मराठीतील स्नायू नव्हे. त्याचा अर्थ बंध किंवा कंडरा यांच्या जवळ जातो, आणि आपण ज्याला स्नायू म्हणतो त्याला सुश्रुत पेशी म्हणतो. जुन्या ग्रंथांतील वैद्यकीय उल्लेख आजच्या अर्थाने वाचून चुकीचे निष्कर्ष काढल्याची उदाहरणे थोडी नाहीत. प्रस्तुत विवेचनात स्नायू हा शब्द आजच्याच अर्थाने घेतला आहे.

या रचनेत जागा बदलली की दुखापतीचे स्वरूप बदलते. म्हातारपणी साध्या पडण्याने ‘खुब्याचे हाड मोडले’ असे घराघरांतून ऐकू येते, तेव्हा बहुधा ऊर्वस्थीची मान किंवा तिच्या लगतचा भाग मोडलेला असतो. तेथे हाड वयोमानाने विरळ झालेले असते, आणि मस्तकास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मानेलगत जात असल्याने ती मोडल्यावर मस्तकच निर्जीव होण्याची भीती असते. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळले की गुडघ्यातील बंध तुटतात. मनुष्य जगतो, पण पाय भरवशाचा राहत नाही. सुश्रुतानेही जानुमर्माच्या आघाताचे फळ खंजता, म्हणजे लंगडेपण, असेच सांगितले आहे. मांडीच्या मधोमध दांडा मोडणे हा प्रकार या दोहोंहून निराळा. तरुण आणि धडधाकट माणसाचे हे हाड मोडण्यास फार मोठा आघात लागतो. भीमाची गदा वीतभर खाली पडती तर दुर्योधन लंगडा झाला असता. वीतभर वर पडती तर त्याचा खुबा निखळला असता. ‘ऊरुभंग’ हे नाटक मात्र दोन्ही वेळा घडले नसते.

दांडा मोडला म्हणजे काय होते, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. मांडीभोवती शरीरातील सर्वांत बलवान स्नायूंचे वेष्टन आहे. हाड अखंड असते तोवर हे बळ माणसाला उभे करते, चालविते, उडी मारविते. हाड मोडताच तेच बळ उलटते. खुब्याकडचे स्नायू वरचा तुकडा पुढे व बाहेर ओढतात, मांडीच्या आतल्या व मागच्या बाजूचे स्नायू खालचा तुकडा वर खेचतात, तुकडे एकमेकांवर चढतात आणि पाय आखूड होऊन बाहेर वळतो. गुडघा स्वतः शाबूत असूनही निरुपयोगी होतो, कारण ज्या तरफेच्या आधाराने तो चालतो ती तरफच मध्ये तुटलेली असते. हाडालगत वळसे घेणाऱ्या रक्तवाहिन्या फाटतात आणि त्वचा न फाटताही एका मांडीत लिटर ते दीड लिटर रक्त साठू शकते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त सुमारे पाच लिटर. दोन्ही मांड्या मोडल्या तर त्यातील निम्म्यापर्यंत रक्त, जमिनीवर थेंबही न सांडता, माणसाच्या स्वतःच्याच देहात वाहून जाऊ शकते. मृत्यू तत्काळ येत नाही. नाडी जलद होते, अंग गार पडते, तहान लागते. आणि तरीही बराच काळ बुद्धी व वाणी जागी राहते. छाती शाबूत असते, हात शाबूत असतात, मस्तक शाबूत असते.

कुरुक्षेत्रावरील अन्य प्रमुख मृत्यू या दृष्टीने आठवून पाहावेत. द्रोणाचे व कर्णाचे मस्तक उडाले, दुःशासनाची छाती फोडली गेली, अभिमन्यूच्या मस्तकावर गदा बसली. यांपैकी कोणालाही बोलावयास अवसर मिळाला नाही. तो मिळाला दोघांना, भीष्माला आणि दुर्योधनाला. भीष्माला तो इच्छामरणाच्या वराने मिळाला; दुर्योधनाला तो ऊर्वस्थीच्या रचनेने मिळाला. भासाने आपले संपूर्ण रूपक या अवसरात वसविले आहे. त्याच्या नायकाला हालता येत नाही आणि बोलता मात्र येते. एकाच जागी पडून राहिलेल्या माणसाकडे इतर पात्रे एकामागून एक येत राहतात, ही जी या नाटकाची घडण, ती दुखापतीने ठरविलेली आहे.

आता महाभारताने या अवयवाला कोणता अर्थ दिला होता ते पाहू. सभापर्वात दुर्योधन द्रौपदीला आपली डावी मांडी उघडी करून दाखवितो आणि भीम ती मोडण्याची प्रतिज्ञा करतो. वनपर्वात मैत्रेय ऋषी हितोपदेश करीत असता तो हसून मांडीवर थाप मारतो, पायाने भूमी उकरतो, आणि शाप ओढवून घेतो. कुस्तीच्या आखाड्यात शड्डू ठोकणारा मल्ल पाहिलेल्या वाचकास या थापेचा अर्थ समजावून देण्याची गरज नाही. त्याच पर्वात पुढे, प्रायोपवेशनास बसलेल्या दुर्योधनाची दानव समजूत घालतात तेव्हा ते सांगतात की त्याचा देहाचा वरचा भाग वज्राचा असून खालचा भाग देवीने फुलांचा घडविला आहे. गांधारीच्या दृष्टीने वज्रदेह झाला आणि मांडी तेवढी झाकलेली राहिली, ही लोकांच्या तोंडी असलेली कथा चिकित्सक आवृत्तीत नाही. तिच्या मागचे बीज मात्र या दानवोक्तीत असावे असे मानण्यास जागा आहे. शारीरशास्त्राला ही कल्पना उफराटी वाटेल. देहातील सर्वांत बळकट हाड जेथे आहे तेथे महाकवीने फुले ठेवली. परंतु महाकाव्याचा विचार वेगळ्या अंगाने चाललेला आहे. ज्या अवयवाच्या बळाचा माणसाला सर्वाधिक गर्व, तोच त्याचा नाजूक भाग, हा त्या विचाराचा गाभा. शल्यपर्वात अर्जुन आपली डावी मांडी थोपटून भीमाला खूण करतो, नाभीखाली प्रहार न करण्याचा गदायुद्धाचा नियम मोडला जातो, प्रहार चुकविण्यासाठी उसळी घेणाऱ्या दुर्योधनाच्या मांड्यांवर गदा पडते, आणि हिशेब पुरा होतो. पाप, शाप, प्रतिज्ञा आणि फळ अशी ही सरळ रेषा आहे.

प्रतिज्ञा एका मांडीची होती, मोडल्या दोन. रा. ना. दांडेकरांनी संपादिलेल्या १९६१ च्या शल्यपर्वातही प्रहार दोन्ही मांड्यांवरच आहे. कथेच्या न्यायाने एक पुरेशी होती. एका पायाने जायबंदी झालेला माणूस काठी घेईल, दुसऱ्याच्या खांद्यावर भार टाकील, निदान बसेल. दोन्ही गेल्यावर त्याला भूमीवाचून आश्रय नाही. आपल्याकडे शरणागतीला ‘गुडघे टेकणे’ असे म्हणतात; मांड्या मोडलेल्या माणसाला तेही करता येत नाही, कारण गुडघ्यावर उभे राहण्यास वरची मांडी अखंड लागते. सुईच्या अग्राइतकी भूमी न देणाऱ्या दुर्योधनाला नमविणे भीमाला अखेरपर्यंत साधले नाही. त्याला पाडता आले, इतकेच.

भासाने हीच दुखापत घेतली आणि तिचा अर्थ बदलला. रूपकाच्या आरंभी तीन भट रणभूमीचे व गदायुद्धाचे वर्णन करतात. येथे खूण करणारा अर्जुन नसून स्वतः कृष्ण आहे. मग क्रुद्ध बलराम येतो, आणि त्याच्या समोर दोन्ही हातांवर देह ओढीत दुर्योधन प्रवेश करतो. वर सांगितलेल्या शारीर स्थितीशी हे चित्र तंतोतंत जुळते. कमरेखालचा देह ओझे झाला आहे आणि हात वाहक झाले आहेत. या हालचालीत जो धोका आहे तो वैद्यकाच्या इतिहासाने पुढे फार मोठ्या किंमतीस शिकविला. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत मांडीचे हाड गोळीने मोडलेल्या सैनिकांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते आणि लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी पूर्वीच योजलेली आधारपट्टी रणभूमीवरच बांधण्याची पद्धत पडल्यावर ते सुमारे २० टक्क्यांवर आले, असे सांगितले जाते. या आकड्यांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु मोडलेला पाय न बांधता माणसाला हलविणे म्हणजे त्याच्या हाडाच्या टोकांनी त्याचेच मांस व वाहिन्या फाडणे, हे तत्त्व निर्विवाद आहे. बलरामाला आवरण्यासाठी, म्हणजे पर्यायाने भीमाला वाचविण्यासाठी, दुर्योधन जे अंतर सरपटतो ते त्याच्या उरलेल्या आयुष्यातून वजा होत असते. भासाला हा हिशेब शास्त्राने ठाऊक होता की निरीक्षणाने, हा प्रश्न गौण होय. कुरुकुलाला तिलांजली देणारे पांडव तरी जगू देत, असे म्हणणारा माणूस ते म्हणण्यासाठी आपल्या देहाची काय किंमत देतो, हे प्रेक्षकाला दिसते.

यानंतरचा भाग हा या नाटकाचा मर्मभाग आहे, आणि तेथे भासाने महाभारताची कथा उघड उघड सोडली आहे. महाकाव्यात दुर्योधन जिवंत असता धृतराष्ट्र व गांधारी रणभूमीवर येत नाहीत, येथे येतात. महाकाव्यातील त्याचा पुत्र लक्ष्मण अभिमन्यूच्या हातून पूर्वीच मारला गेला आहे. येथे दुर्जय नावाचा लहान मुलगा आहे. आंधळ्या आजोबांच्या वस्त्राचे टोक ओढीत तो वाट दाखवितो. बापाला शोध, असे आजोबा सांगतात; थकलो, असे तो म्हणतो; तर मग बापाच्या मांडीवर जाऊन विसावा घे, असे धृतराष्ट्र त्याला सांगतो. धृतराष्ट्राला दिसत नाही, आणि जे त्याला दिसत नाही तेच त्याच्या तोंडून निघून गेले आहे. मुलगा बापापाशी पोहोचतो, सवयीने मांडीवर चढू पाहतो आणि दुर्योधन त्याला अडवितो. का अडविता, असे विचारल्यावर तो जे उत्तर देतो त्याचा आशय इतकाच की, ही ओळखीची बैठक आजपासून तुझी राहिली नाही, दुसरीकडे कोठेही बैस.

मराठी वाचकाला हा प्रसंग मूळ संस्कृतापेक्षाही अधिक जवळून कळण्यास एक भाषिक कारण आहे. संस्कृतात ऊरू हा अवयव आणि अंक ही बैठक, असे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंना एकच शब्द, मांडी. मांडी मोडते, मांडी घालतात, मांडीवर घेतात, बरोबरीच्या नात्याने मांडीस मांडी लावून बसतात, मरणाऱ्याचे मस्तक घेऊन त्याला मांडी देतात. शारीरदृष्ट्या मांडी ही बैठक म्हणून देहात कोठेही नसते. खुबा दुमडून बाहेर वळतो, गुडघा दुमडतो, दोन ऊर्वस्थी आडव्या होतात आणि त्यांच्यामध्ये एक जागा निर्माण होते; माणूस उभा राहिला की ती जागा नाहीशी होते. अवयवाच्या एका विशिष्ट स्थितीतच ती असते. म्हणून ऊरुभंगाने ती कायमची जाते, आणि जेथे मूल बसत होते तेथे आता स्पर्शही सोसवत नाही. ध्रुवाच्या कथेत बापाची मांडी सावत्र आईमुळे नाकारली जाते आणि मुलगा अढळपद मिळवितो. दुर्जयाला ती खुद्द बापच नाकारतो, आणि नाकारण्याचे कारण मोडके हाड आहे. त्यावर तपश्चर्येचा उपाय नाही. मुलगा पुढे विचारतो, महाराज कोठे निघाले? भावांच्या मागे, असे उत्तर येते. मलाही न्या. ते भीमाला सांग. आजी-आजोबा शोधताहेत, चला. चालवत नाही. मी उचलून नेतो. तू लहान आहेस. इतक्या साध्या बोलण्यात पायांनी होणाऱ्या प्रत्येक क्रियेचा उल्लेख होऊन जातो, आणि प्रत्येक क्रिया मोजून नाकारली जाते.

‘अंक’ या शब्दाचा आणखीही एक अर्थ आहे. काही अभ्यासक हे रूपक उत्सृष्टिकांक या प्रकारात घालतात, आणि ते एकाच अंकाचे आहे. अंक नावाच्या रूपकात अंक मोडतो, हा श्लेष आकर्षक असला तरी त्यावर फार मोठा इमला उभारू नये. भासाने त्याची कोठे सूचना दिलेली नाही.

मुलाच्या भेटीनंतर आईबापांची भेट होते. दुर्योधन वडिलांना वंदन करण्यासाठी उठू पाहतो आणि कोसळतो. हा आपल्यावरील दुसरा प्रहार, असे तो म्हणतो. भीमाने दोन मांड्यांबरोबर वडिलांच्या पायांचे वंदनही हिरावून नेले, असा त्याच्या श्लोकाचा भावार्थ आहे. पुढे अश्वत्थामा येतो. सूडाची भाषा बोलतो, आणि दुर्योधन ती मान्य करीत नाही असे पाहून त्याला टोचून म्हणतो की भीमाने तुझ्या दोन मांड्यांबरोबर तुझा दर्पही नेला. या दोन श्लोकांची वाक्यरचना जवळजवळ एकच आहे. तोच भीम, तोच प्रहार, त्याच दोन मांड्या. केवळ मांड्यांबरोबर काय गेले ते पद बदलले आहे. एका श्लोकात वंदन, दुसऱ्यात दर्प. इतक्या छोट्या रूपकात नाटककाराने एकच साचा दोन पात्रांच्या मुखी घातला, तो शब्ददारिद्र्यामुळे घातला असे मानणे कठीण आहे. मांडी मोडली म्हणजे काय मोडले, या एकाच प्रश्नाची ती दोन उत्तरे आहेत. आणि दुर्जयाच्या प्रसंगात तिसरे उत्तर आधीच येऊन गेले आहे.

समीक्षकांनी बहुधा अश्वत्थाम्याचे उत्तर स्वीकारलेले आहे. गर्वाचे घर असलेली मांडी मोडली, गर्व गेला आणि दुर्योधन सात्त्विक झाला, असे हे वाचन. ते महाभारताच्या सरळ रेषेशी जुळते म्हणून सुलभ वाटते. पण नाटकात हे उत्तर खुद्द दुर्योधनाने नाकारले आहे. मान हेच राजाचे शरीर, आणि त्या मानासाठीच आपण हे पत्करले, असे तो अश्वत्थाम्याला सुनावतो. म्हणजे त्याचा मान शाबूत आहे. शाबूत नाहीत त्या मांड्या. त्याचे परिवर्तन गर्वहरणातून झाले असे मानले की ते आकस्मिक व अपुरे वाटते, आणि मग समीक्षक भासाला चरित्रचित्रणातील त्रुटीबद्दल दोष देतात. दोष वाचनाचा आहे. दुर्योधनाने आयुष्यभर मांडी एकाच कामासाठी वापरली असे आपल्याला महाभारताने शिकविले: दाखविणे आणि थोपटणे. ती मोडल्यावर तिची दुसरी कामे एकेक करून समोर येतात. उभे राहणे, चालणे, वडिलांपुढे वाकणे, मुलाला बसविणे. हातून गेल्यावरच ज्यांची गणती होते अशी ही कामे आहेत. पांडवांनी आजवर किती सोसले, हे अश्वत्थाम्याला सांगताना तो द्रौपदीच्या केशग्रहणाची, अभिमन्यूच्या वधाची आठवण काढतो. पण तोपर्यंत त्याचा मुलगा त्याच्या मांडीवरून परत फिरलेला आहे. दुसऱ्यांच्या मुलाची आठवण त्यानंतर येते, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दुर्जयाला तो पांडवांची आपल्याप्रमाणे सेवा करण्यास, कुंतीची आज्ञा पाळण्यास, अभिमन्यूच्या आईला व द्रौपदीला आईप्रमाणे मानण्यास सांगतो. स्वतःची मांडी देता न आलेला बाप मुलासाठी दुसऱ्या मांड्या शोधतो आहे, असे या उपदेशाचे स्वरूप आहे. त्यात वैराग्य शोधण्याचे कारण नाही.

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. वैद्यकाचा आधार घ्यावयाचा तर मग तो सर्वत्र घ्यावा लागेल, आणि नाटकाच्या शेवटी दुर्योधनाला पूर्वज, कर्ण, भाऊ, अभिमन्यू, अप्सरा आणि हंसांनी ओढलेले विमान दिसते, ते रक्तक्षयाने मेंदूस होणाऱ्या भ्रमाचे लक्षण म्हणावे लागेल. आक्षेप खरा आहे, आणि मर्यादा तेथेच आखावी लागते. रक्त कमी झाल्यावर अखेरीस मन भ्रमते हे सत्य असले तरी नाट्यसंकेताने वीराला जे दिसते ते वीरगतीचे चिन्ह होय. त्याला लक्षणांच्या यादीत घालणे म्हणजे नाटक मोडून रोगवृत्त लिहिणे. तथापि विमान येते ते कोणासाठी, हे पाहण्यास हरकत नाही. हातांवर देह ओढीत ज्याने प्रवेश केला, ज्याला मुलगा उचलून नेऊ शकला नाही, त्याला न्यावयास वाहन आले आहे.

महाभारत आणि भास यांच्यात कालाचाही भेद आहे. महाकाव्यात दुर्योधन ती रात्र काढतो. वृकांना कसाबसा दूर ठेवीत, रक्त ओकीत, सौप्तिकपर्वातील संहाराची वार्ता ऐकून पहाटे प्राण सोडतो. मांड्यांच्या बंद अस्थिभंगाने इतके तास जगणे असंभाव्य नाही. रक्त ओकण्याचा मात्र मांडीशी संबंध लागत नाही, त्यासाठी गदायुद्धातील इतर प्रहारांकडे पाहावे लागेल. भासाचा दुर्योधन अश्वत्थामा संहारास निघण्यापूर्वीच संपतो. सूडाची वार्ता ऐकून समाधानाने मरणे त्याच्या वाट्यास नाटककाराने येऊ दिले नाही.

राहिला एक प्रश्न, आणि तो भासापेक्षा मूळ कथेला अधिक लागू आहे. मांडीचा मध्य सुश्रुताच्या गणनेत सद्यःप्राणहर मर्म नाही. तेथील ऊर्वी हे मर्म त्याने वैकल्यकर म्हटले आहे, आणि रक्तक्षयाने मांडी सुकते असे तिचे फळ सांगितले आहे. भग्नचिकित्सेच्या अध्यायात ओढणे, दाबणे, जुळविणे आणि बांधणे हे उपाय आहेत. निखळलेल्या ऊर्वस्थीसाठी चक्रयोगाने ताण देण्याचे सांगितले आहे. मांडी व जंघा मोडलेल्यासाठी पाच खुंट्यांचे फळीशयन आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली व बांबू यांच्या कामट्या आहेत. सूत्रस्थानात, मोहिमेवर निघालेल्या राजाच्या निवासाशेजारीच वैद्याचा तंबू असावा असा दंडक आहे. म्हणजे ज्या संस्कृतीत ही कथा घडली तिला ऊरुभंग ही असाध्य दुखापत वाटत नव्हती. भीष्म शरशय्येवर पडला तेव्हा शल्य काढण्यात कुशल वैद्य घेऊन जो आला तो दुर्योधनच होता, आणि भीष्माने त्यांना मानाने परत पाठविले. अठराव्या दिवशी तेच वैद्य कोठे होते हे महाकाव्य सांगत नाही. शिबिर ओस पडले होते आणि अकरा अक्षौहिणींपैकी अश्वत्थामा, कृप व कृतवर्मा एवढेच उरले होते. भासाच्या रंगभूमीवर गुरू येतो, बाप येतो, आई येते, मालवी व पौरवी या दोन राण्या येतात, मुलगा येतो, मित्र येतो. कोणी शस्त्र उचलते, कोणी रडते, कोणी मुलाला शब्दांनीच राज्याभिषेक करते. बांबूच्या चार कामट्या घेऊन कोणीच येत नाही. आणि दुर्योधनही त्या मागत नाही.